हाताला बांधलेली पिशवी

तुम्ही महाडहून पोलादपूरकडे निघाला आहात आणि महामार्ग नाही. एसटी नाही, हॉर्न नाही. सावित्रीच्या काठाने जाणारी बैलांची वाट आहे आणि साल 1679 आहे. फाल्गुन सरत आलाय. डोंगरउतारांवर पळस पेटलाय, भाजावळीचा धूर खाली दरीत साचून राहिलाय. मागे, त्या धुराच्या पलीकडे कुठेतरी रायगड आहे. राज्याभिषेकाला अजून पाच वर्षंही पुरी झालेली नाहीत. वाटेत भेटलेला माणूस तुमच्याकडे पाहून थबकतो, रामराम घालतो आणि विचारतो, "मजालशीला निघालात काय?"

तुम्ही मान हलवता, कारण त्यासाठीच तुम्हांला इथे आणलंय.

नदीच्या वळणावर देऊळ आहे. समोरच्या पारावर गोत बसलंय. परगण्याचा देशमुख, देशपांडे, शेजारगावांचे वतनदार, गावचे बलुतेदार, आणि सगळ्यांच्या मधोमध सारवलेल्या जमिनीवर तीन दगडांची चूल. तंटा वतनाचा आहे. एक म्हणतो, थोरलं घर आमचं, मान आमचा. दुसरा म्हणतो, थोरले आम्ही. दोघांनीही राजीनामे लिहून दिलेत की निवाडा होईल तो मान्य करू. जामीनही दिलेत. कागद विचारले तेव्हा अग्रवादी, म्हणजे वादी, म्हणाला, जावळीच्या धामधुमीत गेले. पश्चिमवादी, म्हणजे प्रतिवादी, म्हणाला, कधी नव्हतेच. जावळी पडून तेवीस वर्षं झालीत, त्या वेळची जाणती माणसं बरीचशी गेलीत. साक्षीदार दोन्ही बाजूंना सारखेच. म्हणून आता देवावर सोडायचं, म्हणजे दिव्य करायचं ठरलंय.

ही दोन माणसं शोधायला जाऊ नका, ती कुठल्या दप्तरात नाहीत. मी त्यांना इथे उभं केलंय. पण आता जे पाहणार आहात ती रीत धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आणि मराठेशाहीच्या निवाडपत्रांत नोंदलेली आहे. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 साली डेक्कन कॉलेजातून मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही दिव्यांचे हे प्रकार आले आहेत.

दिव्य करणाऱ्याने कालपासून काही खाल्लेलं नाही. नदीत बुडी मारून तो ओल्या वस्त्रानिशी येतो. न्हावी त्याची नखं अगदी बोटाच्या मासापर्यंत कापतो, म्हणजे नखाआड काही लपवायला जागा उरू नये. हात घासून धुतात. मग कारकून पुढे सरकतो आणि तळहात उजेडाकडे धरून त्यावरचा प्रत्येक जुना व्रण, कोयत्याची खूण, घट्टा लिहून घेतो. त्याला घाई नाही. उद्या कुणी म्हणायला नको की हा फोड आधीचाच. तुम्ही मान पुढे करून पाहता आणि चमकता, कारण तपासणी सुरू होण्याआधी माणसाची मूळ स्थिती टिपून ठेवायची ही शिस्त तुम्ही तुमच्या काळातली समजत होता.

त्याच्या कपाळाला पत्र बांधतात. त्यात त्याचा दावा लिहिलाय, म्हणजे देवाला कळावं की कशाबद्दल विचारतोय. कढईत तेल आणि तूप कढतंय. त्यात धातूचा बारीक रवा टाकलाय. पंचमहाभूतांना आणि सूर्याला साक्षीला बोलावणं होतं. तो पुढे होतो. अंगठा आणि शेजारचं बोट कढईत जातात आणि रवा बाहेर येतो. सगळे त्याच्या हाताकडे पाहत असतात आणि तुम्ही चेहऱ्याकडे. तो ओठ घट्ट मिटून उभा आहे.

लगेच दोन्ही हात पिशवीत घालून तोंड बांधतात, गाठीवर मोहर लावतात. पहारा बसतो. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष मोहर तोडून हात पाहायचे. फोड आला तर खोटा. नाही आला तर खरा, आणि मग त्याने जिंकल्याबद्दल हरकी भरायची. हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड.

तुम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये असं मला वाटतं. त्या पिशवीत काय निघतं हे तुम्हांला ठाऊक आहे. काबाडकष्टाने जाड झालेल्या कातडीला फोड कमी येतो, मऊ हाताला लवकर येतो. त्या दोघांपैकी कोण थोरल्या घरचा, याचा कढईला पत्ता नाही.

पण निघण्याआधी एका गोष्टीकडे लक्ष द्या. ग्रंथांत या तप्तमाष दिव्याची जी कसोटी सांगितली आहे त्यात नुसता फोड नाही. हात झटकला जाऊ नये, हेही पाहायचं आहे. म्हणजे भाजणं जितकं महत्त्वाचं, तितकाच थरकाप. चोरीच्या आळासाठी दुसरं दिव्य होतं ते तांदळाचं. देवाच्या तीर्थाने भिजवलेले तांदूळ चावून पानावर थुंकायचे. थुंकीत रक्त दिसलं, तोंड कोरडं पडलं, अंग कापलं, तर तो दोषी. भीतीने लाळ आटते हे त्या लोकांनी नेमकं हेरलं होतं. याज्ञवल्क्य स्मृतीत खोटं बोलणाऱ्याची लक्षणं दिलीत. तो एका जागी ठरत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, बोलणं अडखळतं. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीत बसून मिताक्षरा लिहिली आणि मिताक्षरेचा आधार मुंबई इलाख्याची न्यायालयं पुढे कितीतरी वर्षं घेत राहिली.

घाम, श्वास, थरथर, कोरडं तोंड. यादी मनात ठेवा, पुढच्या मुक्कामी लागेल.

आणखी एक नोंद ठेवा, ती जास्त कडू आहे. ही कसोटी सगळ्यांना सारखी नव्हती. स्मृतींत दिव्यांची वाटणी वर्णांप्रमाणे केलेली आढळते. ब्राह्मणाला तराजूत बसवायचं, क्षत्रियाच्या हाती तापलेलं लोखंड, वैश्याला पाण्यात बुडवायचं, शूद्राला विष. मनुस्मृतीत शपथाही वेगवेगळ्या आहेत. ब्राह्मणाने नुसती सत्याची शपथ घेतली की पुरे, शूद्राला मात्र सगळ्या पातकांची भीती घालायची. खरं काढून घ्यायचं साधन बनवतानाच ठरलेलं होतं की कोणाच्या शब्दावर सहज विश्वास ठेवायचा आणि कोणाला आधी घाबरवायचं. दिव्यांचा इतिहास सांगताना हा भाग पुष्कळदा गाळला जातो. मला तो गाभ्याचा वाटतो.

त्या काळातली कुठलीही कढई, कुठलाही रवा, कुठलीही मोहरबंद पिशवी मी आजवर पाहिलेली नाही. उरले ते कागद. तेही आपोआप नाही उरले. वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून, कधी वाण्याच्या रद्दीतून मोडी रुमाल गोळा करत हिंडले. 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चे खंड निघू लागले, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. या माणसांनी कागद जपले म्हणून आज तुम्हांला सावित्रीच्या काठी उभं राहता आलं.

पुढे भरभर चला. 1796 साली नाना फडणवीस महाडला बसून पुण्याच्या गादीची सूत्रं हलवतायत. 1802 साली दुसरा बाजीराव हडपसरची लढाई हरून इथेच येतो आणि इथून वसईकडे जातो. 10 मे 1818 ला रायगड पडतो. कंपनीच्या अमलात दिव्यं मागे पडतात, त्यांच्या जागी कोर्ट येतं, स्टँप येतो, वकील येतो. शपथ तेवढी राहते.

आता एक झेप दूरची. 1921 चा एप्रिल, अमेरिकेतलं बर्कली गाव. पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर सुधारक वृत्तीचा माणूस आहे. मारझोड करून कबुली घ्यायची पोलिसांची रीत त्याला बंद करायची आहे. त्याच्या हाताखाली जॉन लार्सन नावाचा तरुण शिपाई आहे, शरीरविज्ञानात पीएच.डी. केलेला. मुलींच्या वसतिगृहात चोऱ्या झाल्यात. लार्सनने टेबलावर जे मांडलंय ते पाहून तुम्हांला नवल वाटेल. लाकडी फळीवर फिरता रूळ, त्याभोवती दिव्याच्या काजळीने काळा केलेला कागद, आणि काजळी खरवडत जाणाऱ्या दोन बारीक सुया. एक सुई दंडाला बांधलेल्या पट्ट्यातून रक्तदाब टिपते, दुसरी छातीवरच्या नळीतून श्वास. तपासणी झाली की काजळी पुसली जाऊ नये म्हणून कागदाला लाखेचं पाणी देतात. खोटं पकडायचं ते यंत्र, म्हणजे पॉलिग्राफ, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

या कल्पनेला आधीचे धागे होते. इटलीत लाँब्रोसोने 1895 च्या सुमारास आरोपींची नाडी मोजून पाहिली होती. 1914 ला बेनुस्सीने श्वासाची लय तपासली, आणि 1915 च्या सुमारास हार्वर्डमध्ये विल्यम मार्स्टन रक्तदाबाच्या मागे लागला. हाच मार्स्टन पुढे ‘वंडर वूमन’ या चित्रकथेतल्या नायिकेच्या हाती खरं बोलायला लावणारा दोर देणार आहे. लार्सनचा शिष्य लिओनार्ड कीलर याने यंत्र पेटीत बसवलं, काजळीच्या जागी शाई आणली, 1931 साली पेटंट मिळवलं आणि नंतर बोटांवरच्या घामाची तिसरी रेघ जोडली. श्वास, रक्तदाब, घाम. मघाची यादी काढा. कढई गेली, तांदूळ गेले, पाहायच्या खुणा जवळपास त्याच राहिल्या. लार्सनला आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्याच यंत्राचा वापर पाहून पश्चात्ताप झाला. मारझोड टाळण्यासाठी त्याने जे केलं, त्याची पोलिसी धाक घालण्याची नवी तऱ्हा झाली होती. तिथल्या कोर्टाने फ्राय खटल्यात 1923 सालीच असा पुरावा घ्यायला नकार दिला होता.

परत महाडला या. 20 मार्च 1927. आदल्या दिवसापासून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आहे. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव 1923 सालीच झालाय की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव 1924 ला केलाय. सुरेंद्रनाथ टिपणीस नगरपालिकेचे अध्यक्ष आहेत आणि परिषदेच्या बाजूने उभे आहेत. कागदावर तळं खुलं आहे, काठावर नाही. तुम्ही रांगेत चालता. मांडवापासून चवदार तळ्यापर्यंत शिस्तीत चालणारे हजारो पाय. बाबासाहेब पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात, पितात. मग तुमच्या आजूबाजूची सगळी माणसं खाली वाकतात.

सगळे मांडवात परततात. कुणी जेवायला बसलंय, कुणी गावाकडे परतायची बांधाबांध करतंय. आणि बाजारपेठेतून एक वाक्य धावत सुटतं, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार.

ते खोटं आहे. परिषदेने तसं काही ठरवलेलं नाही. पण ते वाक्य एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना तुम्ही ऐका. सांगणाऱ्याचा चेहरा पाहा. कपाळाला घाम नाही, ओठ कोरडे नाहीत, बोलणं अडखळत नाही. त्याला ते खरंच वाटतंय. आत्ता या चौकात लार्सनचं यंत्र आणून त्याच्या दंडाला पट्टा बांधला असता तर सुईने काजळीवर सरळ, निश्चिंत रेघ ओढली असती. तांदूळ दिले असते तर त्याने ओले थुंकले असते. आणि मांडवात काठ्या पडू लागल्यावर जेवणाच्या पानावरून उठून पळणाऱ्या बाईची नाडी कशी चालली असेल? तिच्या अंगाला कापरं भरलंय, घसा सुकलाय, श्वास लागलाय. स्मृतीतली सगळी लक्षणं तिच्यात आहेत. तिने काहीही खोटं केलेलं नाही.

या एका दुपारी मला कढईपासून शाईच्या यंत्रापर्यंतची सगळी साधनं उघडी पडलेली दिसतात. ती भीती मोजतात. भीती कोणाच्या वाट्याला येते हे खरं-खोटं ठरवत नाही, गावातली सत्ता ठरवते. आणि जे खोटं सगळ्या समाजाने मनापासून मानलेलं असतं, ते कोणाच्याच नाडीत सापडत नाही. त्या दिवशी मारहाण झालेल्यांपैकी कितीतरी जणांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलटा हात उगारू दिला नाही. नंतर गावातल्या सवर्णांनी तळ्यात पंचगव्याच्या 108 घागरी ओतून ते शुद्ध करून घेतलं.

थोडं थांबा इथे. डिसेंबर पाहिल्याशिवाय जाऊ नका. 12 डिसेंबरला महाडच्या कोर्टात दावा दाखल होतो की चवदार तळं सवर्णांच्या वहिवाटीचं आहे, अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची रूढी अनादि आहे. 14 तारखेला तात्पुरता मनाईहुकूम निघतो. सत्याग्रहासाठी जमलेल्या माणसांना बाबासाहेब समजावतात की कोर्टाचा हुकूम आपण पाळू. आणि 25 डिसेंबरच्या रात्री, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार, मांडवासमोर मनुस्मृती जाळली जाते. साक्षीदाराच्या शपथेला जातीची उतरंड लावणारा ग्रंथ. लार्सनचं यंत्र तेव्हा सहा वर्षांचं आहे. खरं काढून घेण्याच्या साधनांचा इतिहास लिहिणारे बर्कलीची तारीख देतात. महाडची ही तारीख त्याच इतिहासात बसते आणि ती तिथे लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं.

आता कोर्टात मागच्या बाकावर बसा. इथे कोणाच्या कपाळावरचा घाम पाहून निवाडा होणार नाही. दावा आहे ‘अनादि काळापासून’, तर मग अनादि म्हणजे केव्हापासून ते दाखवा, असं विचारलं जाणार आहे. नगरपालिकेचे कागद, साक्षी, उलटतपासणी. काम रेंगाळतं, तारखा पडतात, पंखा ओढणारा पेंगतो. 23 फेब्रुवारी 1928 ला मनाईहुकूम उठतो. 8 जून 1931 ला दावा फेटाळला जातो. अपील ठाण्याला जातं आणि तिथेही 1933 ला फेटाळलं जातं. मग मुंबई उच्च न्यायालय. 17 मार्च 1937 ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया निकाल देतात. अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, अपील नामंजूर. निकालपत्रात तळ्याचं वर्णन आहे, चारपाच एकरांचा जलाशय, भोवती नगरपालिकेचे रस्ते. एक गावभर मानलेलं खोटं शोधायला जवळजवळ दहा वर्षं लागली. पण ते सापडलं आणि कोणाचंही बोट भाजावं लागलं नाही.

पुढची वर्षं झरझर जाऊ द्या. शाईची यंत्रं भारतात येतात, पोलिसांच्या प्रयोगशाळांत बसतात. पॉलिग्राफ, नार्को अशा चाचण्या घराघरांत माहीत होतात त्या मुद्रांक घोटाळ्याच्या तेलगी प्रकरणात. 2004 साली मुंबई उच्च न्यायालय अशा चाचण्यांना मुभा देतं. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा होते आणि जगभर चर्चा होते. 5 मे 2010 ला सर्वोच्च न्यायालय सेल्वी खटल्यात ठाम सांगतं की पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष एकट्याने पुरावा ठरणार नाही. राज्यघटनेतल्या कलम 20(3) चा हा आधार आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. महाडला ज्याने पहिली ओंजळ उचलली, तोच मसुदा समितीचा अध्यक्ष होता.

आणि आता तुम्ही आजच्या महाडमध्ये आहात. मी तुमच्यासमोर टेबलावर एक पेटी ठेवली आहे असं धरून चला. ब्रीफकेससारखी, काळ्या रेक्झिनची, कोपऱ्यांना पत्रा. झाकण उघडा. तीन-चार लांब, केसासारख्या बारीक नळीच्या लेखण्या. शाईच्या छोट्या कुप्या. कागद ओढणारी मोटर. कोपऱ्यात गुंडाळलेली वळ्यावळ्यांची रबरी नळी, छातीला बांधायची. दंडाचा पट्टा. बोटांना लावायच्या धातूच्या दोन पट्ट्या. 1990 नंतर संगणक आले आणि अशा पेट्या सरकारी कार्यालयांत कपाटांवर गेल्या. त्यानंतरचा प्रवास ठरलेला असतो. डेडस्टॉक रजिस्टरमधून नाव कमी, निर्लेखन, लिलाव, भंगार.

पहिली गोष्ट, प्लग लावू नका. यातली कितीतरी यंत्रं अमेरिकन 110 व्होल्टची आहेत. आपल्या 230 वर थेट जोडलं तर मोटर आणि आतला विद्युतभाग तिथेच जळतो. मागची पाटी वाचा, शंका असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नका. खरं तर चालू करायची गरजही नाही. जपण्यासाठी यंत्र चालावंच लागतं असं नाही.

रबर हे सगळ्यात नाजूक. नैसर्गिक रबर हवेने आणि उजेडाने मरतं, कधी चिकट होतं, कधी कडक होऊन तडकतं. ती नळी ताणून पाहायचा मोह आवरा. आत मऊ आम्लमुक्त कागद सारून तिचा आकार धरून ठेवा, अंधाऱ्या थंड जागी ठेवा, दुसऱ्या रबराला किंवा पितळेला टेकू देऊ नका. लेखण्यांत शाई वाळून दगड झालेली असते. शुद्ध केलेलं कोमट पाणी थेंब थेंब सोडत राहा, घाई केली तर नळी मोडते. पितळेचा हिरवा थर दिसला की ब्रासो काढू नका. पॉलिशने पाटीवरचा क्रमांक पुसला जातो आणि क्रमांक गेला तर यंत्र कुठल्या कार्यालयाचं, कुठल्या सालचं, हे कधीच कळत नाही.

आणि बोटांच्या पट्ट्या पुसू नका. दंडाच्या पट्ट्याच्या अस्तरावर पिवळसर डाग असेल तर तो धुऊ नका. तो घाम आहे. कोणा चोराचा असेल, कोणा निर्दोष नोकराचा असेल, भीतीने गारठलेल्या कोणा बाईचा असेल. या यंत्रात जपण्याजोगं जे काही आहे त्यात हा डाग सगळ्यात मोलाचा आहे. चकचकीत केलेली पेटी दिवाणखान्यात शोभून दिसेल, पण ती कशासाठी वापरली गेली हे सांगणार नाही.

तसंच कागदाच्या गुंडाळ्यांचं. यंत्र घेणारे पेटी उचलतात आणि आलेख टाकून देतात. आलेखाशिवाय पेटी मुकी आहे. गुंडाळी जोराने उलगडू नका. आधी ती आहे तशी टिपून घ्या, मग हळूहळू सपाट करा. त्यावर स्वतःच्या खुणा करायच्या तर पेन्सिलीने, पेनने नाही. प्रश्नांची यादी मिळाली तर ती त्याच खोक्यात. आणि तपासलेल्या माणसाचं नाव आलेखावर असेल तर प्रदर्शनात ते झाका. दंडाला पट्टा बांधून घेताना त्याला कोणी विचारलं नसेल, निदान आता तरी त्याची अब्रू राखा. लहान मुलांच्या जत्रेत गंमत म्हणून कोणाच्या बोटांना या पट्ट्या लावू नका, एवढंही सांगून ठेवतो.

महाडचं हवामान या सगळ्याचं वैरी आहे. पावसाळ्यात इथल्या भिंतींना पाणी सुटतं. बुरशी, कसर, वाळवी. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवा आणि भर पावसात महिन्यातून दोनदा तरी बदला किंवा तापवून परत घाला. पण हिटर लावून झटक्यात वाळवू नका, कागद आणि रबर दोन्ही आक्रसतात. आणि काहीही झालं तरी तळमजल्यावर ठेवू नका. 22 जुलै 2021 ला सावित्री, गांधारी आणि काळ यांचं पाणी बाजारपेठेत घुसलं तेव्हा वह्या, दप्तरं, दुकानांचे जुने कीर्दखतावण्यांचे गठ्ठे चिखलात गेले. 2005 सालीही तेच झालं होतं. पोलादपूर-महाड भागात ज्यांच्या घरी मोडी कागदांच्या गुंडाळ्या आहेत, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. माळ्यावर, आणि माळा गळत नाही ना हे आधी पाहून.

माझी इच्छा सरळ आहे. महाडमध्ये एक खोली व्हावी, वरच्या मजल्यावर. तिथे एखाद्या निवाडपत्राची मोडी प्रत असावी आणि शेजारी ती वाचता यावी म्हणून देवनागरी वाचन. 1937 च्या निकालाची प्रत असावी. आणि घामाच्या डागासकट, आलेखासकट, एक शाईचं यंत्र असावं. महाराष्ट्रातल्या पोलीस खात्यातून, महाविद्यालयांच्या मानसशास्त्र विभागांतून, निवृत्त डॉक्टरांच्या घरांतून अशा पेट्या अजून निघू शकतात. श्वास टिपणारा फिरता रूळ, जुनं त्वचारोधमापक, रक्तदाबाचा लेखक, सगळं याच कुळातलं.

तुमच्या पाहण्यात असं काही आलं तर आधी आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पाटीवरचा क्रमांक लिहून घ्या. ज्याने ते वापरलं तो माणूस हयात असेल तर त्याच्याकडून कुठे, केव्हा, कोणावर, एवढं तरी लिहून घ्या, कारण ते सांगणारं दुसरं कोणी उरणार नाही. आणि भंगारवाल्याला फोन करण्याआधी जवळच्या संग्रहालयाला किंवा पुराभिलेख कार्यालयाला करा.